आसरेला वाहिलेल्या थापा

खोटं बोलण्यात माझा हात धरणारी पोरगी त्या काळी अख्ख्या परभणीत नव्हती. आमच्या हॉस्टेलातल्या कुणाला सिनेमाला जायचं असो, कुणाला बिनरजेचं गावाकडं पळायचं असो, रेक्टरबाईला काय सांगायचं हे विचारायला पोरी माझ्या खोलीवर यायच्या. एका पोरीच्या आत्याला मी एका वर्षात तीनदा आजारी पाडलं आणि एकदा तर मारूनच टाकलं. पुढं ती आत्या स्वतः धपाट्यांचा डबा घेऊन हॉस्टेलच्या दारात उभी राहिली, तेव्हा रेक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्याची पापणी न लववता म्हणाले, "ही धाकटी आत्या." बाई वळून आत गेल्या. खोटं बोल पण रेटून बोल, असं माझी आई मला रागानं म्हणायची. मी तो उपदेश म्हणून घेतला होता.

हॉस्टेलात पोरींना गावाच्या नावानं हाका मारायची रीत होती. एका नावाच्या चार-चार पोरी असायच्या, गावं मात्र वेगळी. म्हणून मी ताडकळस. माझ्या खोलीत दोघी होत्या, एक पूर्णा आणि एक जिंतूर. पूर्णाचे वडील रेल्वेत गार्ड, तिचं बालपण रेल्वेच्या क्वार्टरात गेलेलं, त्यामुळं तिच्या बोलण्यात दखनी हिंदी मिसळायची आणि ती कुणाला घाबरायची नाही. जिंतूर मोठ्या शेतकऱ्याची लेक. कापसाच्या दिवसांत त्यांच्या वाड्यासमोर गाड्यांची रांग लागते म्हणायचे. अभ्यासात आम्हा तिघींत तीच हुशार, आणि वडिलांचं पत्र आलं की पाकीट फोडायला टाळाटाळ करायचीही तीच. आम्ही तिघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून एक बंद व्हायचा, बदलू नका म्हणून दुसरा. कॉलेजला कुलूप, एसट्या डेपोत उभ्या. आमच्या मेसमध्ये आधी एका टेबलावर जेवणाऱ्या पोरी दोन टेबलांवर जाऊन बसल्या होत्या. ज्या पोरींच्या घरापर्यंत त्या वादाची झळ पोचली होती, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. आमच्या खोलीतल्या तिघींचं काहीच जाणार नव्हतं, म्हणून आम्हाला खेळायला सुचलं. हे आज सांगताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

खेळ पूर्णानं आणला. तिचा मावसभाऊ सिकंदराबादला इंजिनिअरिंगला होता. त्याच्या कॉलेजात कुणीतरी परदेशातून एक पुस्तक आणलेलं, त्याची झेरॉक्स करून त्यानं हिला दिली होती. चाळीसेक पानं, निम्मी पुसट. सोबत एक निळा फासा, बोराएवढा, वीस बाजूंचा, आकडे दिसावेत म्हणून खडूनं भरलेला. मी असला फासा जन्मात पाहिला नव्हता. मी म्हणाले, "ह्याला पट कुठंय? सोंगट्या कुठं हायत?"

"पट न्हाई, सोंगट्या न्हाईत," पूर्णा म्हणाली. "मी गोष्ट चालवते. तुमी दोघी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. मी इचारीन, आता काय करतीस? तू सांगायचं. जमंल का न्हाई ते फासा ठरवील."

एवढाच खेळ. आकडा मोठा पडला तर जमलं, छोटा पडला तर फजिती. पहिल्या दिवशी आम्ही दुपारी जेवणानंतर बसलो आणि चहाची घंटा झाली तरी उठलो नाही.

जिंतूर झाली तलवारवाली. मला हसू आलं होतं, ही आणि तलवार? पण खेळात ती बाई राक्षसाच्या अंगावर सरळ धावून जायची. "मी मागं हटत न्हाई," असं ती खाटेवर मांडी घालून, ओढणी कंबरेला खोचून म्हणायची. तिचा तो आवाज आम्ही एरवी कधीच ऐकला नव्हता.

मला जादूगार व्हायचं होतं. पूर्णानं पानं उलटून सांगितलं, की जादूगाराला वर्षानुवर्षं पोथ्या पाठ कराव्या लागतात. मी म्हणाले, "मला इथली केमिस्ट्री पाठ होईना, अन् खेळात बी पाठांतर? मला फुकटची विद्या दे."

"फुकटची न्हाई मिळत. उसनी मिळती," पूर्णा म्हणाली. मग तिनं वाचून वाचून समजावलं. पाठांतर न करता विद्या पाहिजे असेल तर जादूगारानं एखाद्या मोठ्या शक्तीशी करार करायचा. ती शक्ती विद्या देणार, बदल्यात काहीतरी मागणार, आणि करार मोडला की विद्या गेली. झेरॉक्समध्ये कुठल्या कुठल्या नरकातल्या सैतानांची नावं होती. मला त्यातलं एकही तोंडात धरवेना.

"मला आसरा दे," मी म्हणाले. "आमच्याकडच्या डोहातली. सातींतली धाकटी, रागीट."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्या गावात विहीर, डोह, नदीचं वळण, जिथं पाणी खोल तिथं त्या असतात, आणि त्यांना हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, दहीभाताचा निवद दिल्याशिवाय पाण्याला हात लावत नाहीत. पूर्णाला हे लगेच पटलं. ती डोळे मिटून थोडा वेळ बसली आणि एकदम जाड्या आवाजात म्हणाली, "विद्या देते. पर मला बांगड्या नको, निवद बी नको. तुज्याकडं जे लय हाय ते दे."

"माज्याकडं काय लय हाय?"

"तुज्या थापा. समद्या मला वाहायच्या. आजपासून तुज्या तोंडून खोटं निघालं की विद्या गेली."

जिंतूर हसून हसून उशीवर पडली. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे ह्यांना काय वाटतं, मला खऱ्यानं जगता येत नाही? मी ट्रंक उघडली. आईनं ट्रंकेत खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी ठेवलेली असायची, लेक परगावी सुखरूप राहावी म्हणून. आवारातल्या बेलाचं एक पान मी सकाळीच तोडून आणलं होतं, उगीच, वहीत ठेवायला. पान तळहातावर घेतलं, त्यावर चिमूटभर भंडारा टाकला आणि म्हणाले, "कागदावरचे करार तुमच्या रेल्वेत. आमच्याकडं बेलभंडार उचलतेत. उचलला. माज्या तोंडून खोटं निघणार न्हाई."

जिंतूरचं हसू जागच्या जागी थांबलं. तिला माहीत होतं. आमच्याकडं बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, माणसानं बेलभंडार उचलून सांगितलं की पुढं कुणी बोलत नाही, आणि उचलणाराही मग आयुष्यभर त्या शब्दाला बांधला जातो. कशासाठी उचलला, थट्टेत की खऱ्यात, ह्याला हिशोब नाही. माझ्या चुलत्यांनी शिमग्याच्या दिवशी मस्करीत बेलभंडार उचलून म्हटलं होतं, की ह्यापुढं गूळ खाणार नाही. मरेपर्यंत खाल्ला नाही. संक्रांतीला सगळं घर तीळगूळ खायचं आणि ते नुसते तीळ चघळत बसायचे.

म्हणजे मी काय करून बसले, हे मला त्याच रात्री अंथरुणात पडल्यावर कळलं. पण माझा स्वभाव असा, की चूक झाली तर ती मान ताठ ठेवून निभवायची. दुसऱ्या दिवसापासून मी हॉस्टेलात खोटं बोलणं बंद केलं. पोरींचे लय हाल झाले. रेक्टरबाई विचारायच्या, अमकी कुठं गेली? मी म्हणायचे, "माहीत हाय, पण सांगणार न्हाई." बाईंना वाटलं मी उद्धट झाले. मला आठवडाभर मेसमध्ये वाढायचं काम लावलं. मी वाढलं, आणि आमटीतल्या भोपळ्याच्या फोडी स्वतःकडं ठेवल्या.

खेळात मात्र माझी गाडी सुसाट सुटली. पाण्यातून बोलायचं, धुकं उठवायचं, वाट पुसायची, सगळी विद्या माझ्या हातात, आणि अट एकच. हळूहळू मला त्या अटीचीच चव लागली. एकदा आम्हाला एका किल्ल्यात शिरायचं होतं. आत एक दरोडेखोर होता, त्याला धरायचा होता. पूर्णा झाली पहारेकरी, "कोण तुमी? कशाला आलात?" जुनी मी असते तर दोन मिनिटांत तिघी बहिणी, आजारी बाप, हरवलेली गाय असं सगळं उभं केलं असतं. आता मी म्हणाले, "दादा, आमी चार दिवस चालायलोत. हिच्या टाचंला फोड आलेत. आमी ज्याच्यासाठी आलोत ते माणूस आत हाय, त्याला भेटल्याबिगर आमी माघारी जात न्हाई." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पूर्णानं हात जोडले आणि दार उघडलं.

त्या दिवसापासून मी ठाम झाले, की खोटं बोलून फसवण्यापेक्षा खरं बोलून फसवणं सोपं. फक्त खरं कुठं थांबवायचं ते कळलं पाहिजे. मला कळतं, असं मी दोघींना ऐकवलंही.

चार महिने झाले. माघ लागला, आणि जिंतूरच्या वडिलांचं पत्र आलं. मी रविवारी न्यायला येतो. सोमवारी पाव्हणे बघायला येयलेत. स्थळ चांगलं आहे, त्यांना घाई आहे, पसंती झाली की याच महिन्यात उरकून टाकू. शिक्षण झालं तेवढं बास.

परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर आलेली. तीन वर्षं शिकलेली पोरगी पदवीच्या दारातून परत जाणार. जिंतूर रडली नाही. पत्राची घडी घातली आणि लगोलग उत्तर लिहून टपालात टाकून आली. मग आम्हाला सांगितलं, "मी लिवलंय, सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा हाय, बाहेरून परीक्षक येणार हायत, चुकली तर वर्ष जाईल. पाव्हण्यांना पुढं ढकला. खरं वाटत नसंल तर ताडकळसला इचारा."

"मला?" मी म्हणाले.

"तुज्यावर लय भरवसा हाय त्यांचा."

होता, हे खरं. गणपतीच्या दिवसांत ते आले होते तेव्हा जिंतूर सिनेमाला गेली होती. मी त्यांना सांगितलं होतं, ती लायब्ररीत आहे, तिला उठवू नका, टिपणं काढायलीय. शिवाय पाणी दिलं, पायांना हात लावला. ते घरी जाऊन म्हणाले होते, ताडकळसची पोरगी घरंदाज आहे, खोट्यातली नाही. हे सगळं बेलभंडाराच्या आधीचं.

"अगं पण मी बेलभंडार," मी म्हणाले.

"खेळातलं ते," ती म्हणाली. पण बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. तिलाही ते खेळातलं वाटत नव्हतं. माझ्यासाठी ही एवढं मोडेल, असं तिनं धरलं होतं, एवढंच.

मी "बघते" म्हणाले. शनिवारी तिनं पुन्हा विचारलं, "बोलशील ना?" मी म्हणाले, "तुज्या बाबांशी मीच बोलते. तू गप उभी राहा." तिचा जीव भांड्यात पडला. ती जेवली, नीट झोपली. मी तिला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पहारेकऱ्याला जसं दार उघडायला लावलं तसंच मी तिलाही झोपवलं, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलंही नाही. माझा बेत पक्का होता. एकही खोटं अक्षर न बोलता मी तिच्या वडिलांना माघारी लावणार होते.

रविवारी सकाळी पूर्णा रेल्वेनं घरी गेली आणि दुपारी ते आले. उंच माणूस, पांढरं धोतर, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची सवय. भेटायला येणाऱ्यांसाठी लिंबाखाली एक बाक होता, त्यावर बसले. जिंतूर बाजूला उभी. मी पाणी दिलं.

"बरं चाललंय का ताडकळस?"

"चांगलं चाललंय काका."

"हिनं लिवलंय, उद्या परीक्षा हाय म्हणून. पाव्हणे तर उद्याच येयलेत. म्हणलं तुला इचारावं. तू उगं काही सांगणारातली न्हाईस."

मी सुरुवात केली. आवाज स्वच्छ, मान ताठ. म्हणाले, "काका, शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकलची परीक्षा लय महत्त्वाची असती. परीक्षक बाहेरगावावरून येतेत. त्या दिवशी जी पोरगी हजर न्हाई तिचं वर्ष गेलं, मग कुणाचंच चालत न्हाई. मागल्या साली एकीचं तसंच झालं. अन् तुमची लेक आमच्या वर्गात पहिल्या तिघांत हाय. तिचं वर्ष गेलं तर कॉलेजातल्या मास्तरांना बी वाईट वाटंल."

सगळं खरं. प्रत्येक वाक्य तोलून मांडलेलं. मला स्वतःलाच स्वतःचं कौतुक वाटलं.

पण एक गोष्ट मी विसरले होते. हा माणूस त्यांच्या गावात भांडणं मिटवायला बसायचा. वाटणीचं असो, बांधाचं असो, लोक त्यांच्यापुढं तासन् तास बोलायचे आणि ते मधे तोंड घालायचे नाहीत. माझंही त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "समदं समजलं. उद्या हाय का न्हाई, तेवढं सांग."

माझ्याकडं वेळ होता. लोकांना वाटतं अशा वेळी काही सुचत नाही. मला सगळं सुचत होतं. "हाय" एवढं म्हटलं की संपलं. ते उठून गेले असते. जिंतूर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती, आणि ती माती उकरायची थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मला खंडोबाची भीती वाटली, हे कबूल करते. पण नुसती भीती नव्हती. चार महिने माझ्या तोंडून एक खोटं निघालं नव्हतं. सगळ्या हॉस्टेलनं पैजा लावल्या होत्या की ही आठ दिवस टिकणार नाही, आणि मी टिकले होते. मला त्याचा लय अभिमान होता.

"न्हाई," मी म्हणाले. "उद्या न्हाई. मार्चात हाय."

"मंग हिनं उद्या म्हणून कामून लिवलं?"

आता थांबण्यात अर्थ नव्हता. "तिला यायचं न्हाई म्हणून. तिला परीक्षा देयाचीय. पुढं बी शिकायचंय. तुमाला तोंडावर सांगायची तिची छाती न्हाई, म्हणून तिनं लिवलं. काका, इथं ती कुणाला भीत न्हाई. तुमालाच भीती."

हे मी चढ्या आवाजात म्हणाले. समोरचा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, आणि मी कंबरेवर हात ठेवून. त्यांनी माझ्यावर राग काढला नाही. लेकीकडं वळून विचारलं, "खरं हाय का ही म्हणती ते?"

मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, आता तरी बोल. राक्षसाच्या अंगावर धावून जातीस, चार शब्द बोल. जिंतूर खाली बघून पुन्हा अंगठ्यानं माती उकरायला लागली.

"ट्रंक भर तुजी," ते म्हणाले.

तिनं वर जाऊन ट्रंक भरून आणली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी तिला हाक मारली, दोनदा. तिनं वळून बघितलं नाही.

सोमवारी पूर्णा आली आणि तिला सगळं सांगितल्यावर ती माझ्यावर तुटून पडली. "अगं येडे, खेळ व्हता तो. मी आसरा व्हते ना? मी तुला सोडलं असतं. आत्ता सोडते, जा, करार संपला."

"तू कोण सोडणारी?" मी म्हणाले. "आसरा तुजी असंल. भंडारा खंडोबाचा हाय."

"अन् ती पोरगी कुणाची हाय?"

ह्यावर मी लय बोलले. खोट्यानं किती दिवस रेटणार, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, तिचे वडील पुढच्या रविवारी पुन्हा आले असते, तेव्हा काय मी दुसरी परीक्षा काढायची? मी बरोबर होते असं मला पक्कं वाटत होतं, आणि आजही वाटतं. पण त्या दिवसांत मला भाकर गोड लागत नव्हती. जिंतूरच्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती. तिची प्रॅक्टिकलची वही टेबलावर तशीच पडलेली, शेवटच्या प्रयोगाची आकृती अर्धी काढलेली. एके दिवशी मी बसून ती आकृती पुरी करायला घेतली आणि माझ्या हातून बिघडली. मी खोडून ठेवली.

तेराव्या दिवशी दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. आधी ते उतरले, मग जिंतूर, मग तिची ट्रंक. ट्रंक पाहिली आणि मी जिन्यावरून अक्षरशः पळत खाली गेले. कपडे, पुस्तकं, सगळं परत आलं होतं.

जिंतूर ट्रंक घेऊन वर गेली. तिच्या वडिलांनी मला थांबवलं. म्हणाले, "एसटीत हिच्याशी मी एक शब्द बोललो न्हाई. घरी गेल्यावर हिच्या आईसमोर इचारलं, तर म्हणली, व्हय, मला परीक्षा देयाचीय. एवढंच म्हणली अन् रडायला लागली. पाव्हणे आले, बघून गेले. मी म्हणलं, पोरगी परीक्षा देणार, मंग बोलू. त्यांना दम नव्हता. आठ-दहा दिवस निरोप धाडत राहिले, मंग दुसरीकडं गेले." मग म्हणाले, "तू उद्या हाय म्हणली असतीस तर मी मानलं असतं. अन् आठ दिवसांनी पुन्हा आलो असतो. घरात कुणी मला सांगितलंच नसतं, हिला काय पाहिजे ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही. बारा दिवस मी जे पूर्णाला ओरडून सांगत होते, तेच हा माणूस मला शांतपणे सांगत होता. मी जिंकले होते. पूर्णाला दाखवायला मी लगेच वर पळणार होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. जिंतूरनं परीक्षा दिली आणि पहिल्या वर्गात पास झाली. मग बी.एड. केलं. तिकडच्याच एका शाळेत ती विज्ञान शिकवायला लागली, आणि लग्नही तिनं स्वतः बघून-सवरून केलं. त्या एका वर्षावर तिचं सगळं उभं राहिलं. हे मला इतरांकडून कळत गेलं. बेलभंडार मी अजून उतरवलेला नाही, म्हणून ह्यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही, हे समजून घ्या.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर जिंतूर मागच्या अंगणात कपडे धुवत होती. प्रवासातला धुळीनं माखलेला पंजाबी ड्रेस दगडावर आपटत होती. मी हौदाच्या काठावर जाऊन बसले. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल, निदान हसेल. तिच्यासाठी मी शेंगदाण्याची चटणी काढून ठेवली होती, ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिनं ड्रेस पिळला, बादलीत टाकला, हात झटकले आणि माझ्याकडं नीट बघितलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"एक इचारू का? तू खरंच सांगशील, मला माहीत हाय."

"इचार की."

"समज, बाबांनी ऐकलं नसतं. दुसऱ्या दिवशी पसंती झाली असती अन् मला तिथंच दिलं असतं. हे तुला आदीच माहीत असतं, तरी बी तू 'न्हाई' म्हणली असतीस?"

तिचा आवाज खेळातल्या तलवारवालीचा होता. मला उत्तरं सुचली, एक नाही, चार. तुझ्या बाबांचा स्वभाव मला कळला होता, असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होतं. पुढं काय होईल हे मला माहीत नव्हतं, असंही म्हणता आलं असतं. ते खरं होतं, आणि तिथंच थांबले असते तर कदाचित भागलंही असतं. पण तिनं ते विचारलंच नव्हतं. वडिलांसारखाच तिनं सरळ एक प्रश्न विचारला होता, आणि मला माझं त्या लिंबाखालचं मन आठवत होतं. तिथं चार महिन्यांचा अभिमान होता. जिंतूर त्यात कुठं होती, हे मी कितीही शोधलं तरी मला सापडलं नाही.

"हो," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. बादली उचलली, ड्रेस तारेवर टाकला, दोन्ही बाह्या ओढून सरळ केल्या, चिमटे लावले.

"बरं," ती म्हणाली. "मंग मी उद्या खोली बदलून घेते."